चार नंबरची शेड

पहाटे पाचला पलीकडच्या वस्तीतल्या मशिदीची बांग झाली की किशोरी उठायची. स्वेटरवर काळा पायघोळ अबाया चढवायची, नवऱ्याचे गमबूट पायात घालायची आणि मेलेल्या कोंबड्या उचलायला निघायची. गमबूट दोन नंबरांनी मोठे, म्हणून पुढे फडकी कोंबलेली. त्या फडक्यांनाही वास यायचा. त्या फार्मवर वास कशाला येत नव्हता? पाण्याला येत होता, उशीला येत होता, कणकेला येत होता. दहा वर्षांची तन्वी डब्यातली चपाती नाकाजवळ नेऊन परत ठेवायची आणि "मम्मी, स्मेल आती है" म्हणून बिस्किटांचा पुडा घेऊन शाळेच्या व्हॅनमध्ये बसायची.

फार्मवर सहा शेड होत्या आणि एकेका शेडमध्ये आठ हजार पक्षी. पोल्ट्रीत कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात, आणि मेलेल्या पक्ष्यांना मर म्हणतात. रोज मर उचलायची, मोजायची, वहीत लिहायची आणि पोत्यात भरून डोंगराच्या अंगाला खणलेल्या खड्ड्यात टाकायची, हे सुपरवायझरचं दिवसातलं पहिलं काम. सुपरवायझर तिचा नवरा विश्वनाथ होता. तो त्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

सौदीतल्या खमीस मुशैतपासून तीस किलोमीटरवर डोंगरात हा फार्म. वाळूचा पत्ता नाही. थंडी आणि सकाळचं धुकं मात्र भरपूर, आणि खड्ड्यापाशी लाल बुडाची दांडगी माकडं टपून बसलेली. पोतं ओतलं की ती मेलेले पक्षी ओढून न्यायची, पिसं उपटायची, अर्धवट खाऊन टाकून द्यायची. किशोरी दगड मारायची आणि माकडं तिच्याकडं दात काढून बघायची. पोल्ट्रीचा डिप्लोमा झालेला, म्हणून विश्वनाथला फॅमिली व्हिसा आणि फार्मच्या टोकाला दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. तिच्या माहेरी, विट्याला, लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं. नशिबाला माकडं दात दाखवतात, हे त्यांना कोण सांगणार?

तीन वर्षांपूर्वी विश्वनाथला काय झालं ते कुणालाच सांगता आलं नसतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. आधी तो जेवताना गप्प झाला, मग कामावरून आल्यावर बूट न काढता खाटेवर बसायला लागला, मग बसायचा तो पडायला लागला आणि एके दिवशी उठलाच नाही. सासूनं फोनवरून दृष्ट काढायला सांगितली. किशोरीनं मिरच्या जाळल्या. सगळ्यांना ठसका लागला, त्याला लागला नाही. तिला आधी वाटलं, आळस. मग वाटलं, आपल्यावर राग. मग तिनं वाटणं सोडून दिलं, कारण एका सकाळी कफीलचा, म्हणजे फार्मच्या अरब मालकाचा, फोन आला, आज मर किती? विश्वनाथ हलला नाही. किशोरीनं तन्वीला फोन धरून ठेवायला सांगितलं, पळत शेडमध्ये गेली, तोंडाला पदर लावून मेलेले मोजले आणि धापा टाकत तिला आकडा सांगायला लावला. दुसऱ्या दिवसापासून ते तिचंच काम झालं. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

फार्मवर पाच कामगार होते. त्या पाचांनाही हे ठाऊक होतं आणि पाचांनीही तोंडाला कुलूप घातलं होतं. दया म्हणून नव्हे. नवा सुपरवायझर आला तर तो दिवसभर डोक्यावर उभा राहील, त्यापेक्षा ही पहाटे येऊन जाणारी भाभी बरी. करीमनगरकडचा विजयकुमार त्यातल्या त्यात माणूसघाणा नव्हता. तो पोती खड्ड्यापर्यंत ओढायला लागायचा आणि बोलायचा नाही.

कफील गुरुवारी दुपारी यायचा. गुरुवारी सकाळी किशोरी विश्वनाथला बेंदराच्या बैलासारखं धुवायची. मोरीत स्टुलावर बसवायची, पाठ घासायची, दाढी करायची, नखं काढायची. पायाची नखं वाढून आत वळायची, त्यांच्या खाली काळं काहीतरी साचलेलं असायचं. तो हात वर कर म्हटलं की वर करायचा, खाली कर म्हटलं की खाली. पोराला न्हाऊ घालताना येते तसली माया तिला एकदाही आली नाही. किळस यायची. आणि किळस आली की स्वतःची लाज वाटायची, मग लाज वाटायला लावली म्हणून त्याचा आणखी राग. कपडे घालून ती त्याला एक नंबरच्या शेडच्या दाराशी उभा करायची. कफील गाडीतून उतरायचा, सलाम व्हायचा, विश्वनाथ वहीकडे बघून आकडे वाचायचा, कफील दोन शेड बघून कुरकुरायचा आणि जायचा. गाडी फाटकाबाहेर पडली की विश्वनाथ तिथंच भिंतीला टेकून खाली बसायचा.

एवढं सगळं ती का करत होती? नोकरी गेली तर शाळा सुटेल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे होतंच. पण तिनं मनाशी एक ठरवलं होतं आणि त्याच्या जोरावर ती रोज गमबूट घालत होती. हा माणूस एकदा आपल्या पायावर उभा राहिला की तन्वीला घेऊन विट्याला भावाकडं निघून जायचं आणि पुन्हा म्हणून याच्याबरोबर एका खोलीत झोपायचं नाही. आजारी माणसाला टाकून जाणं तिला जमलं नसतं. बऱ्या माणसाला टाकता येतं.

ऑगस्टात तिचीच तब्येत बिघडली. पाळी तीन-तीन महिने येईना, म्हणून विजयकुमारच्या पिकअपमधून ती खमीसच्या दवाखान्यात गेली. तिथं डॉक्टर अर्चना म्हणून नाशिकच्या बाई होत्या. त्यांनी मराठीत "काय होतंय?" एवढं विचारलं आणि किशोरी अर्धा तास नवऱ्याबद्दल बोलली. आपल्या पाळीचं सांगायचंच राहिलं. बाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, हा आजार आहे, डिप्रेशन म्हणतात, त्याला गोळ्या आहेत, त्यांना घेऊन या. किशोरीनं विचारलं की गोळ्यांनी माणूस उभा राहतो का? बाई म्हणाल्या, पुष्कळदा राहतो. बरा झाला की मी जाणार आहे, असं किशोरीनं त्यांना सांगून टाकलं. जगात ते तेवढं एकाच बाईला ठाऊक झालं.

पुढच्या गुरुवारी विश्वनाथ कफीलसाठी धुतलेलाच होता, कफील गेल्यावर तसाच त्याला पिकअपमध्ये घातला. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचे सुदानी डॉक्टर त्याच्याशी वीस मिनिटं हळू आवाजात बोलले. गोळी रोज, सहा आठवडे फरक दिसणार नाही, वर्षभर बंद करायची नाही. किशोरी रोज गोळी द्यायची आणि जीभ वर करायला लावून बघायची. तो पहिल्या गोळ्या दोन महिने घेऊनही तसाच राहिला. मग डॉक्टरांनी गोळी बदलली.

जानेवारीतल्या एका सकाळी तिनं चहा पुढे ठेवला. त्यानं एक घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी आहे."

किशोरी तशीच उभी राहिली. तीन वर्षांत आपण होऊन बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं. तिला रडू यायला हवं होतं. तिला तो चहा त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. तिनं साखर आणून घातली.

मग रोज थोडं थोडं वाढत गेलं. तो फाटकापर्यंत चालत जाऊन आला. एकदा आपली आपण दाढी केली, गळा कापून घेतला, पण केली. तन्वीच्या वहीतली स्पेलिंगं तपासली आणि तिच्यावर खेकसला. तन्वी म्हणाली, "मम्मी, पापा पहले ही अच्छे थे." सासूला फोनवरून कळलं तेव्हा ती रडली आणि माझ्या लेकानं मोठी झुंज दिली म्हणाली. झुंज त्यानं दिली. मोरी कोणी धुतली ते सासूनं विचारलं नाही.

बरा होत चाललेला माणूस आजारी माणसापेक्षा जास्त डोकं खातो, हे किशोरीला नव्यानंच कळत होतं. पडलेला होता तेव्हा निदान गप्प होता. आता भाजीला तेल जास्त, उशी उंच, बाहेर वारा फार. फेब्रुवारीत तो दहाच्या सुमाराला ऑफिसच्या खोलीत जाऊन बसायला लागला. कामगार "सर, सर" करायला लागले. त्यानं दोन वर्षांच्या वह्या काढल्या आणि लाल पेन घेऊन तिची अक्षरं सुधारू लागला. हा सात आहे का एक? इथं तारीख नाही. इथं दोन ओळींची गल्लत आहे. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, आता तू शेडकडं यायचं बंद कर, बरं दिसत नाही. पण गोळ्यांमुळं सकाळी नऊपर्यंत त्याचे डोळे उघडत नव्हते. तेव्हा पहाटेची मर किशोरीचीच राहिली आणि वहीवरची सही त्याची झाली.

त्याच दिवसांत बर्ड फ्लूची बोंब उठली. तिकडे नवापूरला लाखो कोंबड्या मारून पुरल्या. भावानं फोनवर सांगितलं की विट्याच्या शेड रिकाम्या पडल्यात, फुकट दिली तरी कोणी कोंबडी घेत नाही. इकडे कफील रोज फोन करायला लागला. त्यानं ब्लीचच्या बाटल्यांचे चार खोके पाठवून दिले आणि सगळं नदीफ पाहिजे म्हणून बजावलं. नदीफ म्हणजे स्वच्छ. तो शब्द किशोरीला फार आवडला.

नवी बॅच तेरा दिवसांची झाली होती. चौदाव्या दिवशी गंबोरो या पिलांच्या रोगाची लस पाण्यातून द्यायची असते आणि ती द्यावी लागते सकाळी, उन्हाच्या आधी, म्हणजे किशोरीनंच. कसं करायचं ते विश्वनाथनं तिला फार पूर्वी, तो बोलत होता तेव्हा, सांगितलं होतं आणि तिला ते पाठ होतं. दोन तास पक्षी तहानलेले ठेवायचे, पाण्यात बर्फ, दुधाची पावडर, बाटली पाण्याखाली धरून उघडायची. आदल्या दिवशी ती टाक्या बघायला शेड-शेड फिरली. चार नंबरच्या टाकीवर शिडी लावून चढली, झाकण काढलं आणि तिला कोरडी ओकारी आली. आत हिरवा बुळबुळीत थर, त्यात फुगलेला उंदीर. हे पाणी पक्षी पितात, तेच पक्षी माणसं खातात, आणि त्याच पक्ष्यांचं आपण इथं खातो.

तिनं उंदीर काढला, पाणी सोडून दिलं, अर्धी बाटली ब्लीच ओतलं आणि कोपरापर्यंत हात घालून घासायला लागली. पाण्याची लाल भांडीही तिनं एकेक करून त्याच्यात बुडवली. हाताची कातडी पांढरी पडली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिला बरं वाटत होतं. त्या फार्मवर आल्यापासून पहिल्यांदा तिच्या नाकात स्वच्छ वास जात होता. दोनदा पाणी फिरवून तिनं टाकी धुतली. तिसऱ्यांदा धुणार होती, पण शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला.

दुसऱ्या दिवशी सहाही शेडला तिनं लस पाजली. लसीच्या आधी दोन-तीन दिवस टाकीला औषध लावायचं नसतं, लस मरते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जे सगळ्या पोल्ट्रीवाल्यांना ठाऊकच असतं, ते सांगायचं कोणाच्या ध्यानात येत नाही.

तेविसाव्या दिवशी चार नंबरच्या शेडमध्ये उत्तरेच्या कोपऱ्यात अकरा पक्षी मान खाली घालून, पिसं फुगवून बसलेले दिसले. बुडाला पांढरी चुन्यासारखी विष्ठा. दुसऱ्या दिवशी मर साठ. तिसऱ्या दिवशी किशोरीनं दार उघडलं आणि तिच्या पायाला मऊ लागलं. दारापासूनच पडलेले होते. दीडशेपर्यंत मोजून तिनं मोजणं सोडलं. बर्ड फ्लू, तिच्या मनात आलं, आणि ती गमबुटांतून धडपडत घराकडे पळाली.

तिनं विश्वनाथला गदागदा हलवलं. "उठा, चार नंबरमधले पक्षी मरायला लागलेत. उठा म्हणते ना."

विश्वनाथ उठला. साडेपाच वाजले होते. तो पायमोज्यांवरच चालत शेडपर्यंत आला, एकदा भिंतीला धरून उभा राहिला, मग आत गेला. त्यानं एक पक्षी उचलला, पंखाखाली हात घालून वजन घेतलं, शेपटीखाली फुंकर मारून बघितलं, मांडीवरची पिसं बोटांनी बाजूला केली. काय बघायचं ते त्याच्या बोटांना माहीत होतं. "गंबोरो वाटतंय," तो म्हणाला. "पण लस दिली होती की."

किशोरी त्या हातांकडं बघत राहिली. तीन वर्षं या हातांनी पक्षी धरला नव्हता. बायको तापानं फणफणली तेव्हा उठला नाही, पोरगी शिडीवरून पडली तेव्हा उठला नाही, कोंबडीसाठी उठला.

कफील दहालाच आला. तोंडाला दोन-दोन मास्क बांधून, गाडीतून न उतरता. बरोबर डॉक्टर इस्मत होते, कोंबड्यांचे मिसरी, म्हणजे इजिप्तकडचे डॉक्टर, पोट सुटलेले आणि घाईत नसलेले. त्यांनी ऑफिससमोर खाद्याचं रिकामं पोतं अंथरलं, पाच पक्षी फाडले. किशोरी तोंडावरून काळा पदर घेऊन चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. डॉक्टरांनी मांडीचं मांस उघडून दाखवलं, त्यावर लाल रेघा होत्या. आतली एक गाठ सुजून द्राक्षाएवढी झालेली. बर्ड फ्लू नाही, गंबोरो आहे, ते म्हणाले. कफीलनं गाडीतून उतरून आकाशाकडे हात केले, मास्क ओढून खाली घेतले आणि लगेच ओरडायला सुरुवात केली.

डॉक्टर इस्मतांनी त्याला थांबवलं. ते फार्मवरच्या हिंदीत, मधे मधे अरबी घालून, हळूहळू बोलत होते. लस एकाच खोक्यातली. पाच शेडचे पक्षी ठणठणीत, एकाच शेडचे मरतात. म्हणजे लस चांगली होती, चार नंबरच्या पाण्यात मेली. ते पाणी कोणी केलं?

विजयकुमार आणि बाकीचे चौघे आपापल्या चपलांकडं बघायला लागले. विश्वनाथनं घसा साफ केला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. किशोरीला वाटलं, हा आता भिंतीला टेकून खाली बसणार. तो बसला नाही.

"डॉक्टर, मी तीन वर्षं आजारी होतो," तो हिंदीत म्हणाला. "मनाचा आजार. गोळ्या चालू आहेत, आता बरा होतोय. मधल्या काळात माझी बायको थोडी मदत करत होती. घरातली बाई, तिला यातलं काही कळत नाही. तिच्या हातून काही राहिलं असेल. चूक माझी धरा."

त्याला हे बोलायला किती जड गेलं असेल ते किशोरीला दिसत होतं. तो तिला पाठीशी घालत होता, हेही कळत होतं. लोक त्याच्याकडं बघत होते तेही तिला दिसलं. कफीलसुद्धा ओरडायचं थांबला होता. आणि तिला वाटलं, आपल्या तोंडावर कोणीतरी शेण फासलं. थोडी मदत. दोन वर्षं रोज पहाटे, सहा शेड, ताप असताना, पाळी असताना, रमजानात, धुक्यात. घरातली बाई. काही कळत नाही.

तिनं चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला. गप्प राहिली असती तर सगळं मिटलं असतं. चूक त्याची, आजार त्याचा, माफीही त्यालाच. ते तिला ठाऊक होतं आणि तरी ती बोलली.

"थोड़ी मदद नहीं," ती म्हणाली. "दो साल से सब काम मैं करती हूँ. मर मैं उठाती हूँ. वॅक्सिन मैं देती हूँ. चार नंबर की टंकी मैंने धोयी, ब्लीच से धोयी. वो पक्षी मेरे हाथ से मरे."

कफीलनं मान भिंतीकडे वळवली, कारण परक्याच्या बायकोकडं बघणं त्याला बरं दिसत नव्हतं. विश्वनाथ तिच्याकडं आ करून बघत होता. डॉक्टर इस्मतांनी रक्ताचे हातमोजे काढले, खिशातून वही काढली आणि थेट तिला विचारलं, ब्लीच किती? अर्धी बाटली. टाकी किती वेळा धुतली? दोनदा. भांडी? तीही त्यातच बुडवली. पाणी किती केलं? दोनशे लिटर. दुधाची पावडर? अर्धा किलो. तहान किती वेळ दिली? दोन तास. पहिला पक्षी कोणत्या दिवशी बसला? तेविसाव्या, उत्तरेच्या कोपऱ्यात, अकरा होते. ती सांगत होती आणि ते लिहून घेत होते. बाकी सगळं बरोबर आहे, शेवटी ते म्हणाले, ब्लीच तेवढं चुकलं. तीन दिवस आधी धुवायचं असतं. ते तिला समजावून सांगत होते, जसं कामातल्या माणसाला सांगतात. फार्मवर आल्यापासून तिला कामातलं कोणी काही विचारलं नव्हतं.

कफीलनं भिंतीकडं बघतच निकाल दिला. पक्ष्यांचं एक वेळ चाललं असतं. पण पाच पुरुषांच्या मधे बाई काम करत होती आणि सुपरवायझर झोपला होता, हे बाहेर कळलं तर त्याला मशिदीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. बॅच विकायला उचलेपर्यंत राहा, मग दोघांचा एक्झिट, देशाबाहेर, खलास. मग गाडी निघून गेली. चहा तसाच जमिनीवर होता, त्यात पिसं उडून पडली होती.

दुपारपर्यंत बातमी फार्मभर पसरली होती. शाळेतून आल्यावर तन्वीनं विचारलं, "आर वी गोइंग होम?" किशोरीनं हो म्हटल्यावर ती आपली पुस्तकं खोक्यात भरायला लागली. पोरगी इतकी खूश बघून किशोरीला आणखीच वाईट वाटलं.

गंबोरो पाच-सहा दिवस आपलं पोट भरतो आणि मग आपणच थांबतो. त्यात करण्यासारखं काही नसतं, फक्त उचलायचं. दुसऱ्या पहाटे किशोरी गमबूट घालत असताना मागं खाट करकरली. विश्वनाथ उठून बसला होता. डोळे मिटलेलेच, पण हातानं चप्पल शोधत होता. तो तिच्यामागून आला, दारात उभा राहिला, वास नाकात गेला आणि बाहेर जाऊन ओकला. परत आत आला. दोन पक्षी उचलून पुन्हा ओकला. त्या दिवशी मर चारशे वीस होती. साडेतीनशे तिनं उचलले, सत्तर त्यानं, आणि तिसऱ्या वेळेनंतर ओकायला त्याच्या पोटात काही उरलं नव्हतं. किशोरीनं त्याला घरी जा म्हटलं नाही. तिला ते बघून बरं वाटत होतं, आणि असं बरं वाटतं याचंही तिला वाईट वाटलं नाही.

चौथ्या दिवशी मर नव्वदवर आली. उन्हं वर आली होती, धुकं डोंगराच्या पायाशी उतरलं होतं. पोती खड्ड्यात ओतून दोघं कडेच्या दगडांवर बसले. विश्वनाथचे हात कोपरापर्यंत घाण झालेले, दाढी वाढलेली, अंगाला वास. तसाच वास तिलाही येत होता. माकडं पलीकडं रांगेनं बसून यांच्या उठण्याची वाट बघत होती.

"किशोरी," तो म्हणाला. "तू माझ्यासाठी एवढं केलंस. माझ्या ध्यानातच नव्हतं किती ते. आता चार दिवस उचलतोय तर कळतंय. हे मला या जन्मात फिटायचं नाही. झोपलो तरी तेच मनात येतंय, उठलो तरी तेच."

त्याचा आवाज बारीक होत चालला होता आणि खांदे पुढं येत होते. तो पडायच्या आधी असाच दिसायचा. किशोरीला ते ओळखीचं होतं. हो, फिटायचं नाही, असं म्हणायला तिची जीभ वळवळली. दोन वर्षं याच वाक्याची ती वाट बघत होती. आता ते आलं तेव्हा तिला कंटाळा आला. उपकाराखाली दबलेला नवरा घेऊन गावाला जायचं, तो रोज आपल्याकडं असा बघणार. त्यापेक्षा भिंतीकडं तोंड बरं होतं.

"तुमच्यासाठी नाही केलं," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

"पहिले दोन-तीन महिने केलं असेल तुमच्यासाठी. पुढं नाही. मला तुमची किळस यायची. खरंच यायची, अजून येते. तुम्ही उभे राहिलात की तन्वीला घेऊन जायचं, असं ठरवून ठेवलं होतं मी. ते मर उचलणं मी केलं कारण न उचलले तर बाकीचे मरतात. माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हतं ते. आणि खरं सांगू का, मला ते जमत होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मला नीट जमत होतं. त्या दिवशी तुम्ही थोडी मदत म्हणालात ना, तेव्हा तुमचा गळा दाबावा वाटला मला."

ती त्याच्या खांद्यांकडं बघत होती. ते आणखी पुढं येतील, असं तिला वाटलं होतं. ते आले नाहीत. त्यानं मोठा श्वास घेतला, सोडला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मी म्हणजे तुझ्या डोक्यावरचा नुसता बोजा."

"बोजा होताच की."

"व्हय. पण नुसता नव्हतो ना."

किशोरीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. एवढ्यात हसायचं नव्हतं तिला. तिनं अबायाला हात पुसले, पुसून काही उपयोग नव्हता.

"मग गावाकडं गेल्यावर जाणार तू? भावाकडं?"

"जाणार. पण बसायला नाही जाणार. तिकडं शेड रिकाम्या पडल्यात. एक भाड्यानं घेणार आहे. सगळे पक्षी विकायला बसलेत तेव्हाच सुरू करायचं." हे तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलताच ते तिच्या तोंडात आलं, आणि एकदा बाहेर पडल्यावर तिला ते खरं वाटलं. "तुम्हाला यायचं असेल तर या. कामाला या. नवरा म्हणून यायचं का ते मागनं बघू. नाही आलात तरी मी बॅच टाकणारच आहे."

दगडावरून उठून ती रिकामी पोती झटकायला लागली. माकडं दोन पावलं पुढं सरकली. विश्वनाथ तसाच बसून होता, खाली मातीत बोटानं काहीतरी रेघा ओढत होता. मग त्यानं विचारलं, हळू, जसं नव्या ठिकाणी लागणारा माणूस विचारतो.

"किती पक्ष्यांची?"

"हजार," ती म्हणाली. "आणि माझ्या नावावर."

त्यानं मान हलवली, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि तिच्या हातातली अर्धी पोती आपल्याकडं घेतली.